लाल पेड, पांढरा पेड

मी बोलतेय. शेळीच्या चौथ्या पोटातली जंतीण. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, मी थांबते.

झालं? मग ऐका.

तुम्ही आम्हाला सरसकट जंत म्हणता आणि बायकांनाही पुरुषांतच जमा धरता. माझं त्यावर भांडण आहे. बेटेगावच्या माळापासून पालघरच्या प्रयोगशाळेपर्यंत ते भांडण मी ओढत नेलंय. शाळा मी पाहिलेली नाही. जे काही शिकले, ते शेळीच्या पोटात बसून, बाहेरचं बोलणं ऐकत शिकले. कान नाहीत तर ऐकतेस कशी, असं विचारू नका. कान असून तुम्ही काय ऐकता, ते मला चांगलं ठाऊक आहे.

बेटेगावच्या मागे, जिथं कारखान्यांचा धूर डोंगराला टेकून बसतो, तिथं बुधी नावाच्या बाईचं कुडाचं घर आहे. तिच्या शेळीच्या लेंडीत माझा जन्म झाला. असा जन्म झालेल्यांनी चिखलातल्या कमळाचा दाखला द्यायचा असतो. मी देणार नाही. लेंडी उबदार होती, खायला भरपूर होतं आणि तुझी जात कोणती, असं कोणी विचारत नव्हतं. तुमच्यातल्या किती जणांना इतकं मिळालंय?

एकदा कात टाकली. दुसऱ्यांदा टाकायची वेळ आली, तेव्हा जुनी कात अंगावरच राहू दिली. पावसाळ्यात जुनं घोंगडं कोणी टाकतं का? मग दवाच्या ओलीनं गवताच्या पात्यावर चढले आणि टोकाला जाऊन बसले. स्थळ चालून येतं म्हणतात. माझं चघळत आलं. बुधीची तांबडी शेळी, तांबी. एका घासात मी सासरी.

तांबीच्या चौथ्या पोटात आमचं मोठं खटलं होतं. तिथं मी वयात आले आणि देखणी झाले. हे मी स्वतःच सांगते, कारण सांगायला दुसरं कोणी नव्हतं. आमच्या बायकांचं अंग काचेसारखं असतं, आतलं सगळं दिसतं. रक्तानं भरलेलं आतडं लाल, आणि त्याला वेढे घालत गेलेली अंड्यांची नळी पांढरी. एक पेड पोटाचा, एक पेड कुशीचा. अशी दुपेडी वेणी मिरवायला नशीब लागतं. आमच्या पुरुषांना ती नाही. ते आपले एकरंगी, बारके, आणि शेपटीला एक पंखा.

त्या पंख्यानं माझा नवरा मला कमरेशी धरून असायचा आणि आपणच संसार सांभाळतो, असं समजायचा. मी समजू दिलं. असल्या बारीकसारीक गोष्टींत पुरुषांना दुखवू नये, त्यांची भूक मरते.

मी दिवसभर रक्त प्यायचे आणि दिवसभर अंडी घालायचे. हजारोंनी. कोणी पाठ थोपटली नाही. थोपटायला आमच्यात हात कोणाला आहेत, ही गोष्ट वेगळी.

आता तुम्ही मला रक्तपिती म्हणाल. म्हणा. त्या डोंगराचं पाणी कोण पितं, डोंगरातल्या माणसांची कंबर कोण पिळून घेतं, ते मी काढत नाही. ती मोठी माणसं आहेत, त्यांची नावं पाटीवर असतात. रक्तपिती मी एकटी.

दिवाळी उलटली आणि तांबी बसू लागली. चरायला सोडली की चार पावलांवर मटकन बसायची. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली. एका सकाळी बुधीनं तिची पापणी उलटी करून बघितली.

"तांबे, तुजा डोला पार पांढरा पडला गं. रगत कुठं गेलं तुजं?"

काही प्रश्नांना उत्तर देणं शहाणपणाचं नसतं.

बुधीचा नवरा मंगळ्या बांधलेल्या गाठोड्यावर बसला होता. दोघांना वीटभट्टीवर निघायचं होतं. तो म्हणाला, "भट्टीवर शेलीला कोन नेनार? बोईसरच्या बन्सीला देऊन टाक."

"आजारी हाय ती."

"मंग आपन काय धडधाकट हाव?"

बुधी उठली. तांबीच्या कपाळावरून तिनं हात फिरवला आणि तिचं दावं सोडून मंगळ्याच्या हातात दिलं. तिकडं बघितलंसुद्धा नाही. टेम्पो आला, तांबी चढली, आणि तिच्याबरोबर आमचं सगळं खटलं बोईसरला निघालं.

बन्सी खाटकाचं दुकान बाजाराच्या तोंडाशी आहे. रविवारची सकाळ म्हणजे तिथं रांग. निम्मी रांग मराठीत कुरकुरते, निम्मी हिंदीत. त्या रांगेच्या कडेला एक बाई हातात थर्मास घेऊन उभी होती. तिचं नाव दीपिका. पालघरजवळच्या माहीमच्या कोळीवाड्यातली सून, आणि पालघरच्या एका कॉलेजात आमच्यासारख्यांचा अभ्यास करणारी.

रांगेतल्या एका कामगारानं तिला विचारलं, "मॅडम, कलेजी बची है क्या?"

"मी दुकानदार नाही हो. मीपण घ्यायलाच आलेय."

बन्सी सुरा पुसत हसला. "भैया, मॅडम मटन नहीं लेती. पेट के कीडे लेती है."

कामगारानं एकदा मटणाकडं बघितलं, एकदा थर्मासकडं, आणि तो समोरच्या कोंबडीवाल्याकडं चालता झाला.

"बघा मॅडम! दर रविवारी तुमी माजं एक गिऱ्हाईक कापता."

"अहो, सांगा ना त्यांना, ही शेळीची कीड, माणसाला सहसा लागत नाही. आणि पोट तर तुम्ही टाकूनच देता."

"तुमीच सांगा. हितं स्टुलावर चढा आन् भाषन करा. मी पन दुकान बंद करून ऐकतो."

बोलता बोलता त्यानं तांबीचं पोट तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं ते चिरलं आणि जन्मात दुसऱ्यांदा माझ्या अंगावर उजेड पडला. एका बारीक कुंचल्यानं तिनं मला अलगद उचललं, डोळ्यांसमोर धरलं आणि पुटपुटली, "काय देखणी आहे!"

झालं. मी तिची झाले. तुम्ही म्हणाल, इतक्या स्वस्तात? जिला कोणी कधी देखणी म्हटलेलं नाही, तिला विचारा भाव.

थर्मासात मिठाचं कोमट पाणी होतं, शेळीच्या पोटाइतकंच ऊबदार. आम्ही पंचवीस-तीस बायका आणि आमचे चिकटलेले नवरे त्यात पोहत पालघरला आलो.

प्रयोगशाळेत तिचे मार्गदर्शक एकनाथ सर होते. रविवारीसुद्धा होते, यावरून माणूस कामाचा हे कळलंच असेल. चांगलाही होता. चांगल्या माणसाशी भांडणं किती अवघड, ते दीपिकाच्या तोंडावरून दिसत होतं.

त्या दोघांचं काम काय, ते मी माझ्या भाषेत सांगते. जिवाच्या कणाकणात सारखे हुकूम सुटत असतात: हे बनव, ते बनव. आणि काही चिमुकले धागे त्या हुकमांना आडवे जातात: हे नको, आता पुरे, गप बस. त्या धाग्यांना मायक्रोआरएनए म्हणतात. स्वतः काही रांधत नाही, पण घरात काय शिजायचं नाही ते ठरवते, अशी सासू असते ना? तसे ते. प्रश्न असा, की आमच्या पुरुषांच्या अंगात आणि आमच्या बायकांच्या अंगात या सासवा सारख्याच आहेत की वेगळ्या? वेगळ्या असतील आणि त्यांतली एखादी वश करता आली, तर आमचा वंश आवरता येईल आणि शेळ्या वाचतील. म्हणजे काम माझ्याच मुळावर येणारं. तरीही मला ते आवडलं. निदान कोणीतरी विचारलं तरी, की बाई वेगळी कशात?

तीन वर्षं दीपिकानं नर वेगळे, माद्या वेगळ्या करून दळल्या होत्या आणि मोजल्या होत्या. काही धागे माद्यांत इतके उदंड निघाले, की सरांनी पेढे वाटले होते. त्यांनी लेखाला नावही देऊन टाकलं होतं, 'मादीची ओळख'. बंगळूरच्या मोठ्या परिषदेचं बोलावणंही आलं होतं.

"सर, मला एक शंका आहे," दीपिका म्हणाली.

"आता? लेख पाठवायच्या वेळी?"

"आपण मादी आख्खी दळतो. तिच्यात तर अंडी ठासून भरलेली असतात. मग आपण मोजलं ते तिचं, की तिच्या अंड्यांचं?"

सर हसले. वाईट हेतूनं नाही, तेच तर वाईट. "अगं, मादी म्हणजे अंडीच. अंडी काढून टाकलीस तर मादीत राहतं काय?"

दीपिकानं हातातल्या थर्मासाचं झाकण गच्च आवळलं. ते मला आतून कळलं.

तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा नव्हता. सरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, त्यांच्या ध्यानात नव्हतं. माणसं एकमेकांना मारतात ती अशी, ध्यानात नसताना.

"मला बघायचंय सर," ती म्हणाली. "अंडी वेगळी काढून मोजते."

"आणि काहीच उरलं नाही तर? तीन वर्षं पाण्यात जातील तुझी. परिषद गेली, लेख गेला. मला चालेल गं, मी म्हातारा झालो. तू नव्यानं सुरू करणार? घरचे करू देतील?"

"महिनाअखेरपर्यंत द्या मला."

"दिला. पण मी तुला सांगितलं नाही, असं मागनं म्हणू नकोस."

एवढं होतंय तोवर वीज गेली. दुरुस्तीचं काम, संध्याकाळशिवाय येणार नाही, असा निरोप आला. जनरेटरवर फक्त शीतकपाट चालणार होतं. आणि आमचं आयुष्य थर्मासात काही तासांचं. दीपिकानं आरशावर चालणारा जुना सूक्ष्मदर्शक पिशवीत घातला. त्याला वीज लागत नाही, आरशावर ऊन पडलं की पुरे. पण प्रयोगशाळेत ऊन येत नव्हतं. रसायन भरलेल्या छोट्या नळ्या घेतल्या, मला घेतलं, आणि ती माहीमला घरी निघाली.

दीपिकाचा नवरा अंकुश बोटीवर गेलेला. ओट्यावर तिची सासू पुष्पलता सरंगे साफ करत बसली होती, आणि शेजारची उन्नती लेकी-सुनांच्या बातम्या साफ करत बसली होती. पुष्पलतानं एका सरंग्याच्या पोटातून अंड्यांची केशरी गाबोळी काढून ताटलीत ठेवली.

"अगं बाय, भरलेली हाय!" उन्नती म्हणाली. "नशीब लागते पुष्पाकाकी. भरलेली मासली काय सगल्यांच्याच घरात येते?" आणि तिनं पायऱ्या चढणाऱ्या दीपिकाकडं बघितलं.

पुष्पलतानं पुढचा मासा उचलला. सुनेची बाजू घेतली नाही, की उन्नतीच्या बोलण्याला हसलीही नाही. दीपिका आत गेली. थर्मास चुलीजवळच्या फळीवर ठेवला, झाकण सैल केलं आणि परसात टेबल मांडायला गेली.

आता जे झालं ते मासळीवाल्यांच्याच घरात होऊ शकतं.

पुष्पलता हात धुवायला आत आली. सैल झाकण बघून तिनं थर्मासात डोकावलं. किडे दिसल्यावर दुसरी बाई किंचाळली असती. हिनं पाण्यात बोट घातलं आणि तिचा चेहरा बदलला.

"कोमट पानी!" ती स्वतःशीच म्हणाली. "ताजा माल, आन् कोमट पान्यात ठेवलान! शिकलेली हाय म्हने."

तडक ओट्यावर गेली, माशांच्या पेटीतला ओंजळभर बर्फ आणला आणि आमच्या डोक्यावर ओतला.

माझ्या जन्मात मी थंडी म्हणून पाहिली नव्हती. अंग ताठलं, रक्त जागच्या जागी थांबलं. इतके दिवस चिकटून बसलेल्या माझ्या नवऱ्याचा पंखा सुटला आणि तो तळाशी गेला. बर्फाचा तेवढा एक फायदा झाला, हे कबूल केलं पाहिजे.

दीपिका आत आली, थर्मासात बघितलं आणि ओरडली, "आई! हे काय केलंत?"

"काय केलं? बर्फ घातला. कोमट पान्यात माल कोन ठेवते? तासाभरात वास मारला असता."

"अहो, जिवंत हवे होते मला ते! शेळीच्या पोटाइतकं गरम पाणी लागतं त्यांना!"

"मेलं?"

दीपिका खाली बसली. पुष्पलता पदराला हात पुसत उभी राहिली, हात कोरडे झाले तरी पुसत राहिली.

"मला वाटलं," ती म्हणाली, "तुजी मेहनत कुजाया नको."

मी माणसांच्या घरात फार राहिलेली नाही. पण त्या घरात इतकी वर्षं 'हे नको, ते नको' ऐकत आलेल्या सुनेला हे एक 'नको' आपल्या बाजूचं आहे, हे कळायला वेळ लागला. तिनं वर बघितलं. मग उठली आणि मला कुंचल्यावर घेऊन परसातल्या उन्हात गेली.

भिंगाखाली मी आडवी पडले. जिवंत होते, पण वळवळायला बळ नव्हतं. आणि तिथंच दीपिकाचे डोळे मोठे झाले. एरवी आमच्यातली एकही बाई सुईला हात लावू देत नाही. सुई आली की आम्ही तिलाच वेढे घालतो. आज मी नुसती पडून होते. तिनं सुईचं टोक माझ्या दोन पेडांच्या मध्ये घातलं आणि पांढरा पेड एक वेढा सुटला. मग दुसरा.

"आई," तिनं हाक मारली, "आणखी बर्फ आहे का?"

"मेल्यांना बर्फ?"

"मेल्या नाहीत. गारठल्यात. बरं झालं."

पुष्पलतानं बर्फ आणला आणि तिथंच बसली. कावळे हाकलायला, असं म्हणाली. थोड्या वेळानं तिला राहवेना. "मला बघू दे."

तिनं एक डोळा मिटून भिंगाला दुसरा लावला.

"अगं बाय! ही तर वेणी हाय!"

"हो. लाल ते तिचं पोट. पांढरं ती अंडी. मी पांढरं सोडवून वेगळं काढते."

"कशाला?"

"अंडी वजा केल्यावर तिच्यात काय राहतं, ते बघायचंय."

पुष्पलता भिंगापासून बाजूला झाली. बराच वेळ तिनं एकही कावळा हाकलला नाही. मग विचारलं, "आन् कायच नाय राहिलं तर?"

"तर माझी तीन वर्षं गेली."

"तुज्या सरानं सांगितलं तसं?"

"सगळेच सांगतात आई. सरांनी एकट्यानं नाही."

यावर पुष्पलतानं एक कावळा हाकलला. तिथं कावळा नव्हताच.

मला दुखलं का? दुखलं. अंडी घालताना दुखतं तसं नाही. तिथं निदान पुढं काहीतरी होणार असतं. इथं माझ्याभोवतीचा एकेक वेढा सुटत होता आणि मी स्वतःलाच पहिल्यांदा सरळ रेषेत बघत होते. सांगू? दिसायला मी फार काही राहिले नव्हते. एक लाल दोरा.

तेवढ्यात कुंपणापलीकडून उन्नती आली आणि टेबलाशी वाकली. तिची सावली थेट आरशावर पडली, आमचा सगळा उजेड गेला.

"रविवारी पन किडेच का गं दीपिका? आता एखादी गोड बातमी दे की सासूला. काकी तोंडानं नाय बोलत, पन आसंलच ना त्यांच्या मनात."

दीपिकाची सुई माझ्यावर थांबली.

पुष्पलता म्हणाली, "उन्नते, बाजूला हो."

"अवो, मी काय वाईट बोलली?"

"तुजी सावली पडली. तिचं काम चाललंय, उजेड आडवू नको."

उन्नती बाजूला झाली. आरशावर ऊन आलं. दीपिकानं मान वर केली नाही, पण सुई पुन्हा चालू लागली.

सूर्य कलेपर्यंत आमच्यातल्या बहुतेक बायका सुटल्या. पांढरे पेड एका जातीच्या नळ्यांत गेले. आमचं बाकीचं सगळं, लाल आतडं, डोकं, कातडी, दुसऱ्या जातीच्या नळ्यांत. आणि नवरे तिसऱ्या नळ्यांत, कारण तुलनेला कोणीतरी लागतं.

पुढचं मी शीतकपाटातून ऐकलं. आमचं शीतकपाट सरांच्या टेबलाला लागूनच आहे, आणि दार उघडलं की दोघं तिथंच भांडतात. थंडी आधी बाहेर जाते, की भांडण आधी आत येतं, हे सांगता येत नाही.

मोजणी झाली तेव्हा सर कपाळाला हात लावून बसले होते.

"सगळं पांढऱ्यात गेलं, दीपिका. जे मादीत उदंड आहे म्हणून आपण नाचलो, ते सगळं अंड्यांत आहे."

"सगळं नाही सर. हे दोन धागे बघा. लाल पेडात आहेत. पांढऱ्यात नाहीत, आणि नरांत नावापुरते."

"हे? एवढेसे?"

"एवढेसे आहेत, पण दर वेळी आहेत. मी पुन्हा पुन्हा लावून बघितलंय."

"यावर बंगळूरला कोण बोलावणार? आपण त्यांना मादीची ओळख सापडली म्हणून कळवलंय!"

"ती लेकरांची ओळख होती सर. आपण आईच्या नावावर खपवत होतो."

शीतकपाटाचं दार उघडंच होतं, ते लावा म्हणून यंत्र बोंबलत होतं, तरी कोणी लावलं नाही.

"परिषदेला मी कळवतो, येत नाही म्हणून," शेवटी ते म्हणाले. "तुला आणखी एक वर्ष लागेल यात. कदाचित दोन. आणि शेवटी लेख होईल तो बारकाच."

"बारका चालेल."

"फार हट्टी आहेस."

"हो सर."

"ते लेखाचं नाव आधी काढून टाक. मला बघवत नाही." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. जाता जाता ते दाराशी थांबले. "आणि दीपिका, त्या दिवशी मी जे बोललो... मादीत राहतं काय, म्हणून..."

"दार लावते सर. गारवा जातोय."

चांगल्या माणसाला माफ करायची ही एक रीत. माफीही नाही आणि हिशेबही नाही, नुसतं कामाला लावायचं. मला पसंत पडली.

आता माझी हालहवाल. उणे ऐंशीच्या थंडीत, बोटभर नळीत मी उभी आहे. माझ्या बहुतेक मैत्रिणी दळल्या गेल्या. थोड्या नळ्या दीपिकानं राखून ठेवल्यात. पुन्हा कोणी 'खरं कशावरून?' असं विचारलंच, तर दाखवायला. त्यांतली एक माझी. पुष्पलता मध्यंतरी मासळी बाजारात पालघरला आली तेव्हा प्रयोगशाळेत डोकावून गेली म्हणे, आणि शीतकपाट बघून म्हणाली, "आता कसं! हा बर्फ खरा."

या कामातून पुढं औषध निघेल का? निघू दे. बुधीच्या पुढच्या शेळीची पापणी लाल राहील, माझ्या नाती-पणत्या मरतील. मी रडणार नाही आणि टाळ्याही वाजवणार नाही. ज्याचं त्याचं पोट असतं.

मागणं मात्र एक आहे. कोणा बाईला मोजायला बसाल, तर आधी तिच्या कुशीतलं बाजूला ठेवा. ठेवल्यावर जे उरेल, ते कमी आहे म्हणून फेकू नका. परत मोजा. ती वळवळत असेल तर बर्फ घाला, उजेड कमी असेल तर शेजारणीला हटवा, पण मोजा.

आणि तरीही कोणा विद्वानानं विचारलंच, की पांढरं वजा केल्यावर तिच्यात राहतं काय, तर त्याला एवढंच सांगा. माझा पांढरा पेड केव्हाच दळला गेला. मग इतका वेळ तुमच्याशी बोललं कोण?